अस्मिताचं शिफारसपत्र

शिवडीच्या गोडाउनमध्ये शूट थांबलं होतं आणि युनिटमधली चाळीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. हेडफोनमध्ये बारीक घरघर येत होती. मी माइक बदलला, बॅटरी बदलली, रेकॉर्डर बंद करून परत चालू केला. घरघर तशीच.

"दादा, कितना टाइम?" डिरेक्टरने तिसऱ्यांदा विचारलं.

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. शूटिंग चालू असताना नटांचे संवाद जागेवरच रेकॉर्ड करायचे, हे माझं काम. आवाज स्वच्छ आला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. खराब आला की सगळ्यांना माझं नाव आठवतं. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय.

माझी असिस्टंट अस्मिता तांबे तेवढ्यात हेडफोन कानावर ठेवून, आमच्या केबलच्या कडेकडेने पार टोकापर्यंत चालत गेली. एका खांबापाशी थांबली. खाली वाकली. पायाने काहीतरी सरकवलं आणि घरघर गेली.

"लाइटवाल्यांची केबल आपल्या केबलच्या अंगावरून गेली होती, सर," ती परत येऊन म्हणाली.

"कशावरून कळलं?"

"जयंतीच्या मिरवणुकीत पप्पांच्या साउंडला असंच व्हायचं. लहानपणापासून ऐकलंय."

तिचे वडील महापालिकेत इलेक्ट्रिशियन होते. परळला त्यांच्या चाळीतल्या मंडळाचे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, माइक सगळं तेच सांभाळायचे. अस्मिता त्यांच्या मागे वायरी गुंडाळत मोठी झाली. बी.एस्सी. करून माझ्याकडे आली तेव्हा तिला आमच्या धंद्यातलं काही माहीत नव्हतं, पण कान तयार होता. दोन वर्षांत ती माझ्या युनिटचा उजवा हात झाली. मी तिला दिवसाच्या हिशेबाने पैसे द्यायचो, आणि ते तिच्या कामाच्या मानाने कमी होते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्याच दिवशी चहाच्या ब्रेकमध्ये तिने मला बातमी सांगितली. एका सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटच्या साउंडच्या कोर्सची लेखी परीक्षा ती पास झाली होती. तीन वर्षांचा कोर्स. भारतभरातून मोजकीच मुलं घेतात. आता इंटरव्ह्यू, आणि त्याआधी कुणा प्रोफेशनलचं शिफारसपत्र.

"तुम्ही द्याल ना?" तिने विचारलं. मग म्हणाली, "आणि सर, खरं सांगा. जाऊ का मी? घरचे म्हणतात, सर सांगतील तसं कर."

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल. आदल्याच आठवड्यात मी एक वेब सिरीज घेतली होती. बासष्ट दिवसांचं शूट. इतकं मोठं काम मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं, आणि अस्मिताशिवाय ते मला झेपणार नव्हतं. माझे गुडघे गेलेत. कानही पहिल्यासारखा राहिलेला नाही. वरचे बारीक आवाज मला जरा कमी येतात. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी अस्मिताला म्हणालो, "रविवारी पप्पांना घेऊन घरी ये. बसून बोलू."

रविवारी दोघं गिरगावात आमच्या घरी आली. सुरेश तांबे रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी कितीदा म्हटलं तरी खुर्चीत मागे टेकून बसले नाहीत. बायकोने पोहे आणले. मी कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली.

डाव्या बाजूला फी लिहिली. होस्टेल, मेस, लॅपटॉप, येण्याजाण्याचा खर्च. त्याखाली, तीन वर्षं काम केलं असतं तर किती कमावलं असतं ते. बेरीज बरीच मोठी झाली. उजव्या बाजूला लिहिलं: सर्टिफिकेट. ओळखी. मग पेन थांबवलं.

"आमच्या लाइनमध्ये सर्टिफिकेट कुणी विचारत नाही, तांबे," मी म्हणालो. "मी कुठल्या फिल्म स्कूलला गेलो? फील्ड हेच स्कूल. तीन वर्षांनी तिथून बाहेर पडलेली मुलं माझ्याकडे काम मागायला येतात. बूम, म्हणजे माइकची लांब काठी, ती धरता येत नाही त्यांना नीट."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. अशी दोन मुलं आली होती.

मी फिल्म स्कूलला गेलो नव्हतो हेही खरं होतं. पण मी कसा आत आलो ते मी सांगितलं नाही. आमच्याच वाडीत दादरच्या एका डबिंग स्टुडिओतले रेकॉर्डिस्ट राहायचे. माझे वडील विमा कंपनीत क्लार्क. एका संध्याकाळी जिन्यात उभ्या उभ्या ते त्यांना म्हणाले, "आमच्याला जरा घ्या हो हाताखाली." सोमवारी मी स्टुडिओत होतो. फॉर्म नाही, परीक्षा नाही, इंटरव्ह्यू नाही. ती ओळख माझ्या कागदावर कुठल्याच बाजूला नव्हती.

सुरेश तांबेंनी कागद नीट वाचला. बेरीज बोटाने तपासली. बरोबर होती.

"पैशाचं आम्ही बघू, सर," ते म्हणाले. "फंडाचे आलेत. आमच्यात शिक्षणाला नाही म्हणत नाहीत. माझ्या वडलांनी मिलमध्ये बदली कामगार असताना मला आयटीआय केलं. मला एवढंच सांगा, तिथे असं काय शिकवतात जे तिला तुमच्याकडे मिळणार नाही?"

ते खरंच विचारत होते. त्यांना माहीत नव्हतं आणि मला माहीत असेल असं त्यांना वाटत होतं.

"काही नाही," मी म्हणालो.

अस्मिता पोह्यांच्या डिशकडे बघत होती. ती म्हणाली, "तरी इंटरव्ह्यू देऊन बघते ना, सर. झालं तर ठरवू."

"दे की. पत्र देतो मी."

पत्र ऑनलाइन भरायचं होतं. इन्स्टिट्यूटकडून मला लिंक आली. तुम्ही काय लिहिता ते उमेदवाराला दिसणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी दोन दिवस ते उघडलं नाही. मग शूटला निघायच्या आधी, बूट घालता घालता मोबाइलवरच लिहून टाकलं. इंग्रजीत चार ओळी. अस्मिता वक्तशीर आहे. प्रामाणिक आहे. सांगितलेलं काम नीट करते. तिचा ओढा प्रात्यक्षिक कामाकडे जास्त असल्याने सैद्धांतिक अभ्यासाच्या दृष्टीने तिला अजून थोडा वेळ द्यावा, असं माझं मत आहे.

यात खोटं काय आहे, असं मी स्वतःला विचारलं होतं. वाचणाऱ्याला त्यातून काय कळायचं ते कळतं. मीही अशी पत्रं वाचलेली आहेत.

तिची निवड झाली नाही. यादी लागली त्या दिवशी ती कामावर आली, बूम जोडला, म्हणाली, "नाही झालं, सर." मी म्हणालो, "जाऊ दे. सिरीज आहे आपल्याकडे." तिने मान हलवली. दुपारी तिने मला जेवणाच्या डब्यातली सोड्याची भाजी दिली, नेहमीसारखी. मी ती खाल्ली.

सिरीज सुरू झाली. परळच्या एका जुन्या मिलच्या आवारातल्या स्टुडिओत सेट होता. कथा एका मोठ्या कुटुंबाची, त्यामुळे जेवणाच्या टेबलाचे सीन पुष्कळ. नऊ-दहा जण एका वेळी बोलणार. प्रत्येकाच्या कपड्यात छोटा माइक, शिवाय टेबलावर फुलदाणीत, फळांच्या टोपलीत लपवलेले चार माइक. माझ्या रेकॉर्डरवर एवढ्या सगळ्यांना वेगळी जागा नव्हती. मोठा रेकॉर्डर भाड्याने आणायला हवा होता. मी आणला नाही. टेबलावरचे चारही माइक एकत्र करून एकाच ट्रॅकवर घे, असं मी अस्मिताला सांगितलं.

पहिल्याच रिहर्सलला ती माझ्याजवळ आली.

"सर, चारही उघडले की आवाज कसातरी येतोय. पोकळ. पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा."

मी हेडफोन लावला. मला तसं काही वाटलं नाही.

"पोकळ म्हणजे काय? लेव्हल कमी आहे?"

"लेव्हल ठीक आहे."

"मग डिस्टॉर्शन आहे? आवाज फाटतोय?"

"नाही. पण... एकेक ऐकला की बरोबर वाटतो. एकत्र केले की काहीतरी जातं मधून."

"काय जातं?"

तिला सांगता येईना. मी म्हणालो, "अगं, सेट नवीन आहे, रूमचा आवाज आहे तो. चल, पोझिशन घे." ती गेली. नंतर दोनदा तिने विषय काढला. दुसऱ्यांदा मी जरा चिडलोच. "तुला नेमकं काय म्हणायचंय ते आधी ठरव, मग माझ्याकडे ये," असं सगळ्यांसमोर म्हणालो. मग तिने विषय सोडला.

चार महिन्यांनी दादरच्या मिक्सिंग स्टुडिओतून बोलावणं आलं. मिक्सिंग म्हणजे संवाद, पार्श्वसंगीत, बाकीचे आवाज सगळे एकत्र बसवणं. तिथला मिक्सर निखिल, पस्तिशीचा मुलगा. तो त्याच इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेला होता. आमची प्रोड्यूसर, शर्मिलामॅडम, सोफ्यावर बसली होती. मी अस्मिताला बरोबर नेलं होतं.

निखिलने जेवणाच्या टेबलाचा सीन लावला. मोठ्या स्पीकरवर मलाही ऐकू आलं. आवाज पोकळ होता. पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा.

"टेबलाचे माइक वेगळे वेगळे मिळतील?" निखिलने विचारलं.

"एकाच ट्रॅकवर आहेत," मी म्हणालो.

"कपड्यातले?"

"ते आहेत. पण सिल्कच्या साड्या, दागिने... सळसळ आहे बरीच."

"मग सहा सीन डब करावे लागतील. सगळ्या आर्टिस्टना परत बोलवायचं."

शर्मिलामॅडमने मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे मी आता नऊ जणांच्या डेट्स मागत फिरू? हे सेटवर कुणाच्या लक्षात नाही आलं? माइक कुणी लावले होते?"

मी अस्मिताकडे बघितलं. बोललो काही नाही, फक्त बघितलं. आता आठवलं की वाटतं, बोलून तिचं नाव घेतलं असतं तरी बरं होतं. निदान तिला उत्तर देता आलं असतं. मॅडमने माझी नजर बघितली आणि जो अर्थ काढायचा तो काढला.

"मीच लावले होते," अस्मिता म्हणाली.

निखिल तिच्याकडे वळला. "तुला तेव्हा ऐकू नाही आलं?"

"आलं होतं. पण काय होतंय ते सांगता नाही आलं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. 'मी सरांना तीनदा सांगितलं' असं ती सहज म्हणू शकली असती. ती म्हणाली नाही, आणि मीही म्हणालो नाही.

निखिलने एक कागद ओढला. त्यावर समुद्राच्या लाटेसारखी एक वळणावळणाची रेघ काढली. तिच्याखाली तशीच दुसरी, पण जरा पुढे सरकवलेली. "एकच आवाज दोन माइकपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचतो. अगदी किंचित फरक. पण एकत्र केले की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खड्ड्यावर येतो, आणि तेवढा आवाज मरतो. याला फेज म्हणतात. म्हणून असे माइक लावताना त्यांच्यात किती अंतर ठेवायचं, किती उघडे ठेवायचे, त्याचा हिशेब असतो. आम्हाला हे पहिल्या सेमिस्टरला होतं."

"याला नाव आहे?" अस्मिताने विचारलं.

तिने हे इतक्या हळू विचारलं की निखिलला वाटलं तिला कळलं नाही. तो परत समजावायला लागला. पण तिला पूर्ण कळलं होतं. तिचे डोळे त्या दोन रेघांवर होते. जे तिला सेटवर पहिल्या दिवशी ऐकू आलं होतं, ते जगात सगळ्यांना माहीत होतं, पुस्तकात होतं, शिकवलं जात होतं. तिच्याकडे फक्त तो एक शब्द नव्हता. तो असता तर ती मला म्हणाली असती, "सर, फेजचा प्रॉब्लेम आहे," आणि मला ऐकावं लागलं असतं. फेज हा शब्द मला माहीत होता. वाडीतल्या त्या रेकॉर्डिस्टकडून कधीतरी ऐकलेला. पण तो कानाने ओळखायचं मी कधी नीट शिकलो नव्हतो.

सुरेश तांबेंनी विचारलं होतं, तिथे काय शिकवतात. त्याचं उत्तर समोर टेबलावर पडलं होतं.

डबिंग झालं. त्याचा खर्च मॅडमने माझ्या पैशांतून कापला, आणि ते बरोबरच होतं. अस्मिताला मी तेव्हाही काही बोललो नाही. बोलायचं, बोलायचं असं करत दोन आठवडे गेले.

मग एका दुपारी, सामान पेट्यांत भरताना, तीच म्हणाली, "सर, यंदा परत फॉर्म भरतेय. लेखी झाली. तुम्हाला लिंक येईल."

"हो का? छान."

"जास्त वेळ नका घालवू. मागच्या वर्षीचंच पत्र टाका. फक्त तारीख बदला."

माझ्या हातात केबलचं वेटोळं होतं. मी ते पेटीत ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. तिला पुढे काहीतरी सांगायचं होतं, ती सांगत होती, मला ऐकू येत नव्हतं.

त्या रविवारी मी परळला तिच्या घरी गेलो. आधी फोन केला होता, त्यामुळे सुरेश तांबेंनी खाली येऊन मला वर नेलं. अस्मिताच्या आईने पाणी दिलं. दोन खोल्या, भिंतीला कपाटभर पुस्तकं, कपाटावर कापडाने झाकलेला अ‍ॅम्प्लिफायर. मी पाणी प्यायलो आणि सांगून टाकलं. पत्रात काय लिहिलं ते, का लिहिलं ते, सिरीजचं, माझ्या कानाचं, सगळं. फोनमध्ये मजकूर होता. मी फोन पुढे केला.

सुरेश तांबेंनी चष्मा लावला. इंग्रजी ते सावकाश वाचतात. एका शब्दावर थांबले आणि मुलीला विचारलं, "थिऑरेटिकल म्हणजे?"

"पुस्तकी," अस्मिता म्हणाली. "अभ्यासाचं."

"म्हणजे तुला अभ्यास जमणार नाही असं?"

"तसंच."

त्यांनी फोन मला परत दिला. दोन्ही हातांनी दिला. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मी तुमच्या घरी आलो होतो, सर," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं म्हणून आलो होतो."

अस्मिताची आई आतल्या खोलीत गेली. मी म्हणालो की मी नवीन पत्र लिहितो, आज, आत्ता, इथेच बसून, तुम्ही सांगाल तसं.

"नको," अस्मिता म्हणाली. "तुमचं नको. निखिल सरांना विचारते."

"मी त्यांना फोन करू?"

"मी करेन ना."

मग ती जिन्यापर्यंत सोडायला आली. तिथे मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली. म्हणाली, "या महिन्याच्या तीन शिफ्ट राहिल्यात माझ्या. त्या करून जाईन. मध्येच नाही सोडणार." आणि त्या तिने केल्या. वेळेवर आली, काम नीट केलं, मला सर म्हणाली. डबा मात्र लाइटवाल्या मुलींबरोबर खाल्ला.

निखिलने पत्र दिलं. अस्मिताची निवड झाली. हे मला निखिलकडूनच कळलं. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेल महाग आहे, म्हणे, आणि मशिनरी निम्मी जुनी आहे. वडिलांच्या फंडातला बराच पैसा गेला. कोर्स संपल्यावर काम मिळेल का, किती मिळेल, कुणी सांगू शकत नाही. मी त्या रविवारी डाव्या बाजूला जे आकडे मांडले होते ते सगळे बरोबर निघाले.

तिचं एक वर्ष गेलं. ते मला कुठेच मांडता येत नाही.

मी अजून काम करतो, छोटी कामं. कान तपासून घेतला. आता शूटच्या आधी सांगतो की वरचे आवाज त्या कामापुरता घेतलेला असिस्टंट ऐकेल आणि त्याचं म्हणणं मी मानेन. दोन प्रोड्यूसरनी त्यावर काम दिलं नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या जोशीबाई गेल्या महिन्यात मुलीला घेऊन आल्या. मुलीला एडिटिंग शिकायचंय, प्रायव्हेट कॉलेजची फी डोळे फिरवणारी आहे, जावं की कुठे हाताखाली लागावं, असा प्रश्न. मी कागद काढला नाही. जे अशा कॉलेजात शिकलेत त्यांच्यातल्या दोघांचे आणि जे नाही शिकले त्यांच्यातल्या दोघांचे नंबर दिले. म्हटलं, चौघांशी बोला, आणि प्रत्येकाला आधी विचारा की ही मुलगी गेली किंवा राहिली तर तुमचं स्वतःचं काय अडेल.

"आणि तुमचं?" जोशीबाईंनी हसत विचारलं.

"मला सध्या असिस्टंट नाहीये," मी म्हणालो. "त्यामुळे मला विचारूच नका."